अपिलाचं शुल्क आणि एक घरगुती बाब

तीर्थस्वरूप काकांना,

तुमच्या पुतणीचा वाकून नमस्कार. (वडिलांना तीर्थरूप आणि बाकीच्या वडीलधाऱ्यांना तीर्थस्वरूप लिहायचं, असं शाळेत शिकवलं होतं. मी अजून नियम पाळते. आपल्या घरात नियम पाळणारे दोघेच, मी आणि बाबा. त्या दोघांचं काय झालंय ते पुढे वाचालच.)

तुमची तब्येत कशी आहे? गुडघा वाकतो का? रक्तदाबाची गोळी चालू आहे ना? आजची घेतली नसेल तर आधी घ्या आणि मग पुढे वाचा. चष्मा सापडत नसेल तर शोधा, पण हे पत्र काकूला वाचायला देऊ नका. तिला माझा नमस्कार तेवढा सांगा. इकडे सगळे मजेत आहेत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. मी स्वतः अतिशय रागात आहे. हल्ली मी भांडी घासायला बसले की शेजारीण तिची खिडकी लावून घेते.

तर गोष्ट अशी की करखात्याने बाबांना ते श्रीमंत असल्याचं कळवलंय. बाबांना ही बातमी नवीन होती. आईने मला तो आदेश दोनदा मोठ्याने वाचायला लावला आणि मग बाबांकडे वळून म्हणाली, "मग ठेवलंयत कुठे?" बाबा म्हणाले, "तेच साहेबांना विचारावं म्हणतो."

तुम्ही या धंद्यातच वाढलात, तेव्हा अनामत म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. पण गेल्या काही आठवड्यांत मी ते इतक्या लोकांना समजावलंय की आता तोंडाला सवय झालीय. लोक आपल्याकडून समारंभाला खुर्च्या, टेबलं, भांडी भाड्याने नेतात. नेताना भाड्याच्या वर काही रक्कम ठेवतात. माल परत आला, मोजला, की फुटक्या बशीचे पैसे कापून ती रक्कम परत. ठेवायची ती रक्कम लोक हल्ली बाबांच्या बँकेच्या खात्यात भरतात. बाबा मात्र परत देतात ते रोख, हातात, वर चहा पाजून. आणि पावती? तुम्हाला त्यांचं म्हणणं पाठ असेल. पैसे घेताना पावती द्यावी, देताना मागू नये. देताना मागितली की दिलेल्याची चव जाते. म्हणजे बँकेच्या कागदावर पैसा येताना दिसतो आणि परत गेलेला कुठेच दिसत नाही. साहेबांनी आलेलं सगळं बेरजेत धरलं आणि म्हणाले, हे तुमचं उत्पन्न. लाल पाठीच्या आपल्या सगळ्या खुर्च्या विकल्या तर कसाबसा भरता येईल एवढा कर लावलाय. तुम्ही म्हणाल मी तिखटमीठ लावतेय. खालच्या गल्लीतला दुसरा खुर्चीवाला रोज संध्याकाळी गोदामात येतो, एकेका खुर्चीवर बसून, हलून बघतो आणि "बाजारात काय मिळेल हो याचं?" असं सहज विचारल्यासारखं विचारतो. काल त्याने एक खुर्ची उलटी करून तिचे पाय तपासले, घोड्याचे दात बघावेत तसे. बाबा शेजारी उभे राहून त्याच्यासाठी पंखा लावत होते.

आता तुम्ही विचाराल, आदेशाच्या आधी खात्याने खुलासा मागितला नव्हता का? मागितला होता. माझी शेवटची परीक्षा चालू होती म्हणून बाबांनी मला सांगितलंच नाही, स्वतःच उत्तर लिहिलं. प्रत्येक रकमेपुढे खुलाशासाठी रकाना होता. लहान रकमांपुढे बाबांनी आपल्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं, "परत दिले." आणि सगळ्यांत मोठी जी एक रक्कम होती, बाकीच्या सगळ्या मिळून होत नाहीत एवढी, तिच्यापुढे लिहिलं, "घरगुती बाब." एवढंच. मोठ्या अधिकाराच्या साहेबांना बाबांनी, जसं लग्नाच्या बोलणीत नाक खुपसणाऱ्या शेजाऱ्याला सांगावं, तसं सांगून टाकलं. साहेबांनी आदेशात लिहिलंय की खुलासा समाधानकारक नाही. मला साहेबांचा राग आहे, पण या एका वाक्यावर मला काही बोलता येत नाही.

तरी सुरुवातीला मी आनंदात होते, हे सांगायला आता लाज वाटते. आदेशाच्या शेवटी बारीक अक्षरात लिहिलं होतं की हा आदेश मान्य नसल्यास अपील करता येईल. काका, माझी पदवी राज्यशास्त्राची. नागरिक आणि सत्ता यांच्यातला समतोल यावर मी वीस पानं लिहून आलेय. निकालाच्या दिवशी तुम्हीच सगळ्यांसमोर उभं राहून बोलला होता की आता या घराला कुणी फसवू शकणार नाही, पोरगी शिकलीय, अन्याय दिसला की बोलेल. मला ते भाषण अजून पाठ आहे. (तुम्हालाही असावं अशी आशा आहे.) त्यामुळे "घरात ग्रॅज्युएट असताना वकील कशाला?" असं आई म्हणाली तेव्हा मी इस्त्रीचे कपडे घातले आणि निघाले.

गेले ते दशांशकडे. दशांश म्हणजे बाबांचे करसल्लागार. तुम्ही धंद्यातून बाहेर पडल्यानंतर धरले. झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत बसतात. कुठलीही रक्कम सांगितली की "म्हणजे साधारण एवढे" म्हणून गोल करतात, म्हणून लोकांनी ठेवलेलं नाव. स्वतःच्या फीच्या बाबतीत मात्र गोल करत नाहीत. त्यांनी मला अपिलाच्या शुल्काचा तक्ता दाखवला. काका, नीट वाचा, मला हे समजायला तीन वेळा लागलं. अपिलाचं शुल्क तुमच्या उत्पन्नावर ठरतं. पण तुम्ही सांगितलेल्या उत्पन्नावर नाही. साहेबांनी ठरवलेल्या उत्पन्नावर.

मी म्हटलं, "पण तेच तर चुकलंय. त्यासाठीच तर अपील आहे."

"बरोबर."

"म्हणजे साहेबांची चूक जेवढी मोठी, तेवढं ती दाखवायचं आमचं शुल्क जास्त?"

"साधारण तसंच," दशांश म्हणाले आणि पेढी चालवणाऱ्या माणसासारखे समाधानाने हसले.

म्हणजे कुणी कानाखाली मारली तर तक्रारीची फी गालावर किती बोटं उमटली ते मोजून ठरवायची. हलकेच मारली असती तर स्वस्तात सुटलो असतो. मी हे त्यांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, "ताई, तुम्ही अपिलात असं काही लिहू नका." मग म्हणाले, रक्कम तशी फार नाही. काका, रक्कम फार नाही हे मलाही दिसतं. आठवड्याच्या भाजीपाल्याएवढी असेल. पण रांगेत मागून येऊन कुणी पुढे घुसलं तरी एकाच माणसाची जागा जाते, म्हणून राग येत नाही का?

पुढची चूक माझी. (माझी म्हणजे त्या संकेतस्थळाची, पण बोट माझं होतं.) शुल्क भरायच्या पानावर, पैसे कशासाठी भरताय, असा एक खाली उघडणारा रकाना आहे. तो आधीपासून "कर" वरच येऊन बसलेला असतो, जसा आपला टेम्पोवाला कुठेही गेला की आधी खुर्ची शोधून बसतो तसा. मला वाटलं, करखातं आहे, तर "कर" बरोबरच असणार. दाबलं. पैसे गेले. दोन दिवसांनी निरोप आला की आपल्या अपिलाचं शुल्क भरलेलं नाही. मी पावती दाखवली. उत्तर आलं की ही रक्कम शुल्क म्हणून नव्हे, कर म्हणून आलेली आहे, आणि ती आपल्या थकबाकीतून वजा केली आहे, धन्यवाद. धन्यवाद, काका! जो कर लागूच होत नाही असं मी ओरडून सांगत होते, तो मीच माझ्या हाताने थोडासा भरून मोकळी झाले होते. मी विचारलं, हे पैसे इकडचे तिकडे करता येतील का? त्यासाठी वेगळा अर्ज आहे. अर्ज नाकारला गेला तर? त्यावरही दाद मागता येते. त्याला शुल्क? तिथे दशांशनी माझ्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला. मी निमूटपणे दुसऱ्यांदा पैसे भरले. बाबांना सांगितलं नाही. माझ्या शिकवणीच्या पैशांतून भरले. आपल्याच घरातल्या कपाटातून चोरी केल्यासारखं वाटलं.

मग अपिलाची कारणं. प्रत्येक कारण शंभर शब्दांत बसवायचं. मी पहिलं कारण लिहिलं त्यात नागरिकाचा सन्मान आला, राज्याचं कर्तव्य आलं, आणि शंभर शब्द संपले तेव्हा अजून खुर्च्या आल्याच नव्हत्या. दुसऱ्यांदा लिहिलं तेव्हा खुर्च्या आल्या पण अनामत राहिली. शेवटी आईने सुचवलं तसं लिहिलं: "पैसे लोकांचे होते, लोकांना दिले, आम्हाला भाडं तेवढं मिळालं." नऊ शब्द. उरलेल्या एक्याण्णव शब्दांचं काय करायचं असं आईने विचारलं. माझ्या मनात त्यासाठी शब्द होते, पण सरकारी कागदावर ते चालत नाहीत.

पुरावे जोडायला गेले तर फाईल मोठी आहे, लहान करा. बाबांच्या वहीची पानं लहान केली, तरी मोठी. आणखी लहान केली. शेवटी इतकी लहान झाली की बाबांचे टपोरे आकडे मुंग्यांच्या रांगेसारखे दिसायला लागले आणि काही म्हणता काही वाचता येईना. तेव्हा हिरवी खूण आली: स्वीकारले. त्यातच कळलं की आम्हाला उशीर झालाय, कारण आदेश ज्या ईमेलवर आला होता तो दशांशच्या एका जुन्या कारकुनाने उघडून दिलेला होता, आणि तो नोकरीबरोबर पासवर्डही घेऊन गेला होता. म्हणजे उशीर माफ करावा असा आणखी एक अर्ज. बाबांनी एवढं सगळं शांतपणे ऐकलं होतं, इथे मात्र ते उखडले. "माफी? मी कशाची माफी मागायची? पत्र दुसऱ्याच्या घरी टाकून वर माफी?" मी त्यांना समजावलं की हा नुसता शब्द आहे. ते म्हणाले, "मग दुसरा शब्द घाल." दुसरा शब्द त्या रकान्यात नाही.

सगळ्यांत चीड आली ती माणसांची. ज्यांनी ज्यांनी अनामत ठेवली आणि परत घेतली त्यांच्याकडून दोन ओळी आणायच्या होत्या: पैसे परत मिळाले, खाली सही. वर्षानुवर्षं ज्यांना बाबांनी चहा पाजला ती माणसं. मला वाटलं एका दुपारचं काम. शिवणक्लासच्या बाईंनी लगेच सही केली, वर पेनही दिलं. पण व्यायामशाळा चालवणारा तो दंडांचा गडी, जो दोन्ही हातांत चार-चार खुर्च्या उचलतो, त्याने कागदावर "कर" हा शब्द बघितला आणि कागद दोन बोटांनी माझ्याकडे परत सरकवला. "ताई, माझं नाव कुठे यायला नको." निवृत्त मुख्याध्यापकांनी मला आत बोलावलं, बसा म्हणाले, पाणी दिलं, आणि म्हणाले की तुमच्याकडून मी कधी खुर्च्या नेल्याचं स्मरत नाही. मी बसले होते ती खुर्ची लाल पाठीची होती. पाठीवर आपला पांढरा नंबर होता. मी उठले, खुर्ची वळवून तो नंबर त्यांच्या तोंडासमोर धरला आणि म्हटलं, "गुरुजी, हिला स्मरत असेल." त्यांनी सही केली. खुर्ची मी उचलून आणली. रस्त्यातून खांद्यावर खुर्ची घेऊन चालताना मला पहिल्यांदा वाटलं की पदवीचा काही उपयोग झाला. घरी आल्यावर बाबा म्हणाले, "राहू द्यायची होतीस गं. त्यांना बसायला लागते."

असे आपले बाबा. असा त्यांचा स्वभाव, आणि असा हा जमाना. आता लहान रकमांचं बहुतेक जमलंय. उरलीय ती मोठी. "घरगुती बाब." तिचा खुलासा झाला नाही तर बाकीच्या सह्या म्हणजे मोठं भोक पडलेल्या बादलीच्या काठाला लावलेली ठिगळं. खुर्च्या जाणारच. मी बाबांना विचारलं, कुणाचे पैसे होते? ते म्हणाले, "शब्द दिलाय." मी म्हटलं, ज्याला दिलाय तो माणूस कुठे आहे मग? ते उठून गोदामात गेले आणि तिथल्या ओळीतल्या सरळ खुर्च्या आणखी सरळ करत बसले.

असो. मोठ्यांपुढे फार बोलले असेन तर लहान समजून पोटात घाला. काकूला पुन्हा नमस्कार. तुमच्या आशीर्वादाची या घराला आता खरोखर गरज आहे, आणि या वेळी तो लेखी हवा आहे.

तुमची,
ताई
(तुम्ही ज्या भाषणात मला "या घराची वकील" म्हणाला होता, ती)

ता. क. काका, मला माहीत आहे. बाबांनी सांगितलेलं नाही, त्यांनी शब्द मोडलेला नाही, एवढं आधी ध्यानात घ्या. आईने सांगितलं. आईने कुणालाच शब्द दिलेला नव्हता. तुम्ही तुमच्या दुकानाचा गाळा विकलात तेव्हा काकूच्या भावाला कळलं तर तो उसने मागेल, म्हणून ती सगळी रक्कम "दादा, जरा तुझ्या खात्यात राहू दे" म्हणून बाबांच्या खात्यात भरलीत, आणि काकूला सांगितलंत की घेणाऱ्याने अजून पैसे दिले नाहीत. मग थोडी थोडी करून बाबांकडून रोख परत नेलीत. पावती अर्थातच नाही. त्याच पैशांवर आता बाबांना कर लागलाय, आणि त्याच पैशांमुळे अपिलाचं शुल्कही वरच्या गटातलं लागलंय. म्हणजे मी दोनदा भरलेल्या शुल्कातला मोठा वाटा तुमचा आहे. शुल्क मी मागत नाही. मला एक कागद हवाय: ही रक्कम माझी होती, माझ्या गाळ्याच्या विक्रीची होती, मला परत मिळाली. खाली तुमची सही, आणि विक्रीच्या कागदाची प्रत. बस. ही सही नसेल तर तुम्ही लहानपणी ज्या खुर्च्यांची रांग लावून आगगाडी खेळलात, त्या खालच्या गल्लीत जातील.

ता. क. दुसरा. वरचं लिहून झाल्यावर मी ते टेबलावर ठेवून पाणी प्यायला गेले, आणि बाबांनी ते वाचलं. रागावले नाहीत. रागावले असते तर मला आवडलं असतं. अपिलावर त्यांचीच सही लागते, दुसऱ्या कुणाची चालत नाही, म्हणून मी छापलेला अर्ज समोर ठेवला. त्यांनी माझं पेन घेतलं, अर्जातला तुमच्याबद्दलचा परिच्छेद आडव्या रेघेने नीट खोडला आणि मग सही केली. म्हणाले, "धाकटा आहे. त्याच्या घरात भांडण लावायचं नाही. हे पत्र टपालात टाकू नकोस." मी वडिलांची आज्ञा मोडत नाही. अपील आज तुमच्या नावाशिवाय दाखल केलं. मी नियम वाचलेत: सुनावणी होईपर्यंत योग्य कारण देऊन आणखी पुरावा जोडायची परवानगी मागता येते. त्याला शुल्क नाही. मी पुन्हा पुन्हा तपासलं.

ता. क. शेवटचा. पत्र टपालात टाकलेलं नाही. ते घेऊन आपला टेम्पोवाला आलाय, तोच तुमच्यासमोर आहे. तुम्ही धंद्यात होता तेव्हा त्याला एक नियम घालून दिला होता, आठवतो? माल पूर्ण मोजून ताब्यात मिळाल्याशिवाय गिऱ्हाइकाचं दार सोडायचं नाही. तुमच्याइतका तो नियम दुसऱ्या कुणी पाळला नसेल, पण तो अजून पाळतो. त्याच्याकडे कोरा कागद आणि पेन आहे. माल म्हणजे काय, ते मी त्याला समजावून सांगितलंय. तो दारातच बसेल, तुम्ही त्याला आत बोलावलं नाहीत तरी चालेल. काकू विचारेल की हा का बसलाय, तेव्हा तुम्हीच काय ते सांगा. त्याला विचारलं तर तो खरं सांगतो, त्याला दुसरं येत नाही. बसायला काही द्यायची तसदी घेऊ नका. गुरुजींकडून आणलेली लाल खुर्ची तो सोबत घेऊन आलाय.